कौसल्याचा हात

"ज्या मेल्यानं हात वर केला नाही, त्याचा हात झडो!" कौसल्यानं नळावर घागर आपटली. "माझ्या पोरीच्या मुळावर उठला तो!"

नळावरच्या बायका एकदम गप्प झाल्या. यमुनाअक्कानं तर घागर भरायच्या आतच उचलली आणि वाट धरली. कौसल्याला वाटलं, आपलं तोंडच तसं फाटकं, घाबरल्या असतील बापड्या.

आता तिचं तरी काय चुकलं? धारवाडकडच्या अळणावरच्या आत, जंगलाला लागून तिचं गाव. शाळा पाचवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर जंगलातनं अळणावर गाठायचं. पोरं सायकल मारत जायची आणि पोरींची शाळा पाचवीतच संपायची. कौसल्याची शुभांगी यंदा पाचवीत, आणि पोरगी हुशार. शाळेच्या अंबूताई बाई धारवाडच्या सप्तापुरातनं रोज अळणावरपर्यंत बसनं आणि पुढं चालत यायच्या. त्यांनी ऑफिसाचे उंबरे झिजवून सहावीचा वर्ग मिळवला. खोली तेवढी गावानं द्यायची होती. समुदाय भवन दिवसभर रिकामंच असायचं, तिथं फक्त संध्याकाळी भजन. शाळेच्या समितीनं काल त्यावर हात वर करून मत दिलं, आणि एका हातानं ठराव पडला.

समिती पालकांची होती. सरकारनं नुकतीच काढलेली, त्यात बायका पाहिजेतच असा नियम. म्हणून कौसल्याही मेंबर होती. होती म्हणजे, नावाला. सभेला बाईचा नवरा जायचा, बाईच्या खुर्चीवर बसायचा आणि बाईचा चहा पिऊन यायचा. गावात ते कुणालाच खटकत नव्हतं. कौसल्याला तर बरंच वाटायचं, शेतातल्या भांगलणीची मजुरी बुडत नव्हती ना! रात्री परशुरामनं "पडला ठराव" एवढंच सांगितलं, आणि ती शिव्या घालत असताना खाली मान घालून भाकरी मोडत राहिला.

नळावरनं ती तडक शाळेत गेली. अंबूताई बाई फळा पुसत होत्या. शुभांगी पहिल्याच ओळीत बसली होती.

"बाई, नाव सांगा फक्त. कोण तो? दारात जाऊन उभी राहते त्याच्या!"

अंबूताई तिच्याकडं बघतच राहिल्या. "कौसल्याबाई, थट्टा करताय का माझी?"

"पोरीची शपथ, बाई!"

"अहो, तुमचाच हात खाली होता. मी दोनदा विचारलं. तुमचे यजमान म्हणाले, आमच्या घरचं मत नको असंच आहे."

कौसल्याच्या पायाखालची जमीनच सरकली. आत्ता नळावर कुणाचा हात झडो म्हणाली होती ती? अगं आई गं! तिनं उजवा हात पदरात लपवला. शुभांगी पाटी सोडून आईकडं बघत होती.

"आई, तू नको म्हणालीस?"

कौसल्या तशीच वळली आणि घराकडं निघाली.

परशुराम अंगणात मृदंगाला शाई लावत बसला होता. भजनातला मृदंग त्याचाच. कौसल्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिला अजून आशा होती. विसरला असेल, गडबडीत राहिलं असेल, माणूस आहे.

"अहो, मला एकदा विचारायचं तरी!"

परशुरामनं मान वर केली नाही. "विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, ठाऊक होतं मला. म्हणून तर विचारलं नाही. भवनात एकदा शाळा शिरली, की आमचं भजन बाहेर."

कौसल्या मटकन पायरीवर बसली. हा माणूस तिला चांगलं ओळखत होता आणि ओळखूनच त्यानं हे केलं. त्याच्यासाठी सकाळीच करून ठेवलेली भाकरी आत तशीच होती, आणि तिला त्याला हाकसुद्धा मारवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं भांगलण बुडवली. समितीचे अध्यक्ष दत्तात्रेयअण्णा यांच्या दारात ती बसून राहिली. ती काही हलेना, तेव्हा अण्णांनी पुन्हा सभा बोलावली.

सभेला परशुराम सवयीनं पुढं झाला, तर खुर्चीवर कौसल्या आधीच बसलेली. तो दारातच थबकला. खिडकीशी शुभांगी उभी होती. एवढ्या बाप्यांपुढं कौसल्या कधी बसलीच नव्हती. अण्णांनी घसा खाकरला, तेवढ्यात तिनं हात वर केला.

"अगं, अजून मी काही विचारलंच नाही," अण्णा म्हणाले.

"विचारा की सावकाश," कौसल्या म्हणाली. "तोवर वरच ठेवते."