माझ्यात उगवलेले रान

मित्रांनो, मी माशांची एक जुनी टाकी आहे आणि स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. लोक माझ्याकडे बघतात म्हणजे माझ्यातून आरपार बघतात. त्यांना बघायचे असते ते आतल्या माशांना. काचेच्या नशिबात तेवढेच असते आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण नाशिकला, सिडकोतल्या एका घरात, एका दिवाळीला माझ्या पोटात जे घडले, ते सगळे पाहिलेले दुसरे कोणी नाही. म्हणून धीर करून सांगते. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म शालिमारजवळच्या एका दुकानात झाला. चार भिंती आणि एक तळ, एवढीच माझी कुंडली. कारागिराने काचांच्या कडा घासून बोथट केल्या, सांध्यांत सिलिकॉन भरले आणि ते बोटाने एकसारखे ओढून घेतले. ते वाळल्यावर माझ्यात काठोकाठ पाणी भरले आणि खाली जुने वर्तमानपत्र अंथरून मला तसेच राहू दिले. कागद भिजला नाही. "पास!" तो म्हणाला. आयुष्यातले ते माझे पहिले कौतुक.

मला महेशने विकत घेतले. तो अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता आणि त्याचे नुकतेच लग्न झाले होते. त्याची बायको राखी कळवणची. महेशच्या आई कुसाबाईही त्यांच्याबरोबरच राहत. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी मला लोखंडी स्टँडवर बसवले. तळाशी निळे-लाल खडे, मध्ये एक प्लास्टिकचा पाणबुड्या आणि भोवती प्लास्टिकची झाडे आली. एक झाड तर चक्क गुलाबी होते. शेजारपाजारचे लोक मला बघायला येत. कुसाबाई पदर सावरून सांगत, "रातीला दिवा लावला की लय भारी दिसतं." मित्रांनो, ते दिवस कौतुकाचे होते, हे मला मान्य केले पाहिजे.

पण त्या घरात दिवाळीची साफसफाई फार कडक असे. पंखे, पडदे, माळ्यावरचे डबे धुऊन झाले की माझी पाळी येई. मासे बादलीत जात. माझे खडे मोरीत धुण्याच्या पावडरीने चोळले जात. पाणी गाळणाऱ्या यंत्रातला स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला जाई. मला गरम पाण्याने घासून गच्चीवर उन्हात ठेवत आणि मग नळाचे ताजे पाणी भरत. मी अशी लखलखत असे की पणत्यांची रांग माझ्यात दुप्पट दिसे. आणि भाऊबीजेपर्यंत दोन-तीन मासे उलटे होऊन तरंगत असत.

"नवं पाणी बाधलं," कुसाबाई म्हणत.

"दुकानदारानं आजारी दिले," महेश म्हणे.

धुण्याला कोणीच दोष देत नसे. कसा देणार? स्वच्छतेने कोणाचे वाईट झाल्याचे कोणी ऐकले आहे का? पण मला जाणवत असे. माझ्या खड्यांवर आणि त्या स्पंजात वर्षभर एक बारीक, डोळ्यांना न दिसणारी जिवंत साय धरलेली असे. माशांची घाण तीच पचवत असे. ती साय धुऊन गेली की पाणी दिसायला नितळ राही, पण आतून बोचू लागे.

हळूहळू नवे मासे आणणे बंद झाले. माझ्यातला दिवा गेला तो बदलला नाही. झाकणावर किल्ल्या, रिमोट आणि लाइट बिले साठू लागली. शेवटी माझ्यात एकच मासा उरला. तो गुरामी जातीचा होता. रुपेरी, तळहाताएवढा, पोटाखाली दोन लांब मिशा. या जातीला पाण्यावर येऊन हवेतला श्वास घेता येतो. म्हणूनच तो प्रत्येक दिवाळीतून वाचला असावा.

राखी त्याला 'भाऊजी' म्हणायची. तिला सख्खा दीर नव्हता. मेथी निवडायला ती माझ्याजवळ पाट घेऊन बसायची आणि त्याला सगळे सांगायची. माहेरचे, भिशीतले, सासूबाईंचेही. "तुम्ही बरे, भाऊजी," ती म्हणायची. "इकडचं तिकडं करत नाही." तो काचेशी येऊन मिशी हलवायचा. घरातले बाकी लोक बोलत नसत असे नाही. पण ऐकून घेणारा तो एकटाच होता.

पावसाळा संपता संपता एके दिवशी तिने बघितले, तर भाऊजींची शेपटी फाटली होती आणि कल्ल्यामागचा पर चिरला होता. चिरेवर पांढरा कापूस धरल्यासारखे दिसत होते. तिने बाही वर करून हात आत घातला आणि गुलाबी झाडाच्या पानावरून बोट फिरवले.

"अगं बाई! ही तर करवत आहे!"

ती झाडे वर्षानुवर्षे माझ्यात होती. म्हातारपणी त्याचे पोहणे डगमगू लागले आणि तो त्यांच्यावर घासू लागला. राखीने बोट पुसले आणि संध्याकाळी जाहीर केले, "अहो, मी टाकीत खरी झाडं लावणार आहे."

महेश बूट काढत होता. "त्या एका माशासाठी? तो आज आहे, उद्या नाही. ऐक, तो गेला की टाकी भंगारात. मी नवा मासा आणणार नाही, सांगून ठेवतो."

"पाण्यात झाडं?" कुसाबाई आतून म्हणाल्या. "बरंय. पाणी घालायचं तरी काम नाय!"

राखी हसली नाही. तिने ठरवले होते.

गोटीराम नावाच्या दुकानदाराकडे पाण्यातल्या वनस्पती मिळत. तो मोठा बोलका. राखी तिथून आली आणि पिशवी सोडता सोडता भाऊजींना तिथली हकिगत सांगू लागली. "म्हणे, वहिनी, झाडांना गॅस सोडायला सिलेंडरपण घ्या. म्हटलं, घरात एक सिलेंडर आहे, त्याचंच बुकिंग वेळेवर होत नाही!" तिने रिबिनीसारखे लांब गवत आणले होते, लाकडाच्या तुकड्याला दोऱ्याने बांधायचे एक नेचे आणि रुंद तपकिरी पानांची दोन रोपे. शिवाय झाडांच्या उजेडासाठी एक साधी पांढरी ट्यूब.

आता मित्रांनो, भरलेल्या, चालत्या टाकीत झाडे लावणे नव्या टाकीपेक्षा अवघड असते. आतला जीव सांभाळून सगळे करावे लागते. कुकरच्या शिट्ट्या मोजत राखीने मोबाइलवर किती व्हिडिओ पाहिले असतील, देव जाणे. या वेळी तिने मला रिकामे केले नाही. आज थोडे निळे खडे काढले, उद्या थोडे, आणि त्यांच्या जागी चाळलेली बारीक खडी धुऊन पसरली. प्लास्टिकचे एक झाड काढले की त्या जागी एक खरे लावले. स्पंज तिने नळाखाली नेला नाही. माझेच पाणी बादलीत घेऊन त्यात नुसता खळबळला.

पहिले मूळ माझ्या तळाशी टेकले, तो क्षण मी विसरणार नाही. इतकी वर्षे माझ्यात सगळे ठेवलेले होते, मूळ धरलेले काहीच नव्हते.

आणि मग पाने विरघळू लागली. तपकिरी रोपांची पाने आधी काचेसारखी पारदर्शक झाली, मग त्यांचा लगदा झाला. गवत पिवळे पडले. "गेली तुझी शेती," महेश म्हणाला. राखीने सडलेली पाने कात्रीने कापून काढली, पण मुळांना हात लावला नाही. "पाणी बदललं की जुनी पानं टाकतात ती. मुळं पांढरी आहेत अजून," ती म्हणाली. तिच्या आवाजात खात्री होती. तरी दिवसातून चार वेळा ती वाकून काचेतून मुळांचा रंग बघून जायची.

दिवाळीच्या आधी कुसाबाईंचा धाकटा भाऊ जयराम आला. त्याची पिंपळगावकडे द्राक्षबाग होती. छाटणी नुकतीच झाली होती आणि बागेसाठी औषधे-खते घ्यायला तो शहरात आला होता. राखी चहा ठेवायला आत गेली. कुसाबाई त्याने आणलेली वांगी निवडत होत्या. जयराम माझ्यासमोर उभा राहिला, चष्मा वर केला आणि हळहळला. "आरं, उपाशी हायत ही झाडं!" त्याने पिशवीतून ठिबकमधून सोडायच्या खताची पुडी काढली, झाकण उचलले आणि प्रेमाने एक चमचाभर माझ्यात सोडले. मग मिशीवर हात फिरवून तो चहा प्यायला बसला.

मित्रांनो, मला जीभ असती तर मी ओरडले असते.

दोन दिवसांत माझे पाणी दुधाळ झाले आणि मग हिरवे. साधे हिरवे नव्हे, पालकाच्या भाजीसारखे. भाऊजींचे कल्ले लाल झाले. ते पाण्यावर तोंड काढून हवा ओढू लागले आणि मधूनच कलंडू लागले. हे कशाने झाले ते घरात कोणालाच कळेना.

"सोड आता," महेश म्हणाला. "तू प्रयत्न केलास ना?"

धनत्रयोदशीच्या सकाळी कुसाबाई धुण्याच्या पावडरीचा डबा घेऊन माझ्यासमोर आल्या. "काढ ते सगळं. घासून टाकू. घरात अशी घाण ठिवून लक्ष्मी येईल का?"

राखी आडवी उभी राहिली. त्या घरात मी तिला सासूसमोर अशी उभी राहिलेली कधीच पाहिली नव्हती. "आई, आपण दर दिवाळीला घासतो आणि दर दिवाळीला मासे मरतात. या वर्षी मी घासू देणार नाही."

"आन् लक्ष्मी?"

"लक्ष्मी समुद्रातून वर आली ना, आई? तिथं कोण बसलं होतं घासायला?"

हसावे की रागवावे, हे कुसाबाईंना ठरवता येईना. शेवटी त्यांनी डबा खाली ठेवला, कपाटातून आपले जुने लुगडे काढले आणि मला वरपासून खालपर्यंत झाकून टाकले. "पाहुण्यांसमोर तरी माझी लाज राहू दे," त्या म्हणाल्या.

लुगड्याच्या आत अंधार होता. बाहेर फटाके वाजत, फराळाची ताटे खडखडत. राखी रोज सकाळी कोपरा उचलून आदल्या दिवशी भरून ठेवलेले शिळे पाणी हळूहळू माझ्यात ओतायची आणि तेवढेच माझ्यातले काढायची. "आहात ना, भाऊजी?" एवढेच विचारायची. मला खरे विचाराल तर माझा विश्वास संपत आला होता. तो जीव माझ्या एका कोपऱ्यात काचेला टेकून पडला होता आणि मी त्याला नुसती टेकू देत होते. काच याहून जास्त काय करणार?

भाऊबीजेला जयराम आला. ओवाळून झाले, ओवाळणी टाकून झाली आणि त्याने येऊन लुगडे उचलले. "कशी झाली बाग? बघ आक्का, हिरवंगार झालं का नाय? म्या खत घातलं व्हतं मागं!"

राखी झटकन पुढे आली.

"कसलं खत, मामा?" तिने विचारले.

"आपल्या बागेचंच. ठिबकमधून सोडतो ते एकोणीस-एकोणीस. चमचाभरच घातलं."

"अरं येड्या!" कुसाबाई ओवाळणीचे ताट घेऊन तशाच उठल्या. "ती काय तुझी द्राक्षबाग हाय? त्यात मासा हाय, मासा! तुझ्या ताटात युरिया वाढू का?"

जयरामचा चेहरा उतरला. माझ्याजवळ वाकून त्याने भाऊजींना शोधले आणि शर्टाच्या बाहीने काच पुसली. "चुकलं, पोरी," तो म्हणाला. "बागेत खत जादा झालं तर आम्ही पाणी सोडून सोडून उतरवतो. रोज थोडं थोडं. एकदम नाय."

"तेच करतेय, मामा," राखी म्हणाली. आता पाणी कशाने बिघडले ते तिला कळले होते. त्यामुळे तिचा चेहरा उलट मोकळा झाला. आणि आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. लुगड्याच्या अंधारात माझा हिरवेपणा फिका पडला होता. पाण्यातल्या त्या शेवाळाला उजेड मिळाला नव्हता. तिने लुगडे पुन्हा नीट ओढून घेतले. "आई, तुमचं लुगडं अजून थोडे दिवस लागेल."

"घे बाई," कुसाबाई म्हणाल्या. "नाय तरी ते आता माशाचंच झालं."

रोज थोडे पाणी बाहेर, थोडे आत. राखीने एक दिवस चुकवला नाही. ताप आला तेव्हाही ती भिंतीला धरून बादली घेऊन आली.

एका रविवारी महेशने चहाचा कप हातात घेऊन लुगड्याचा कोपरा वर केला आणि तो तसाच उभा राहिला.

"राखी, इकडे ये."

स्वयंपाकघरात पोळी लाटणे थांबले. पण ती बाहेर आली नाही. तिथूनच तिने विचारले, "गेले का?"

"ये तर."

"आधी सांगा. गेले का?"

"घर बांधतोय तो," महेश म्हणाला.

माझे पाणी नितळ झाले होते. तपकिरी रोपांच्या मुळांतून बोटभर नवे, घट्ट पान वर आले होते आणि गवताची एक रिबीन थेट पाण्यावर येऊन पसरली होती. त्या रिबिनीच्या आडोशाला भाऊजींनी तोंडातून बुडबुडे सोडून फेसाचे एक लहानसे घरटे बांधले होते. गुरामी नर तसे बांधतात, एकटे असले तरीही. फाटलेल्या शेपटीच्या कडेला नव्या पराची पारदर्शक किनार दिसत होती. राखी पिठाचे हात तसेच धरून बघत राहिली. मग तिने तोंड फिरवून डोळ्यांना दंड लावला. "पोळी करपेल," असे म्हणत ती आत गेली. भंगाराचा विषय महेशने पुन्हा काढला नाही.

आता माझ्यात झाडी दाट झाली आहे. मित्रांनो, मी काही विद्वान नाही. मला जे कळले ते चुकीचेही असू शकेल. पण तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी टाकी असेल आणि तिच्यात तुम्हाला काही नवे रुजवायचे असेल, तर तिला एकदम रिकामी करू नका. आत कोणी राहत असते. थोडे काढा, थोडे घाला आणि पाने विरघळली तरी मुळे उपटून बघू नका. आणि कधी मला भेटायला आलात, तर काचेवर टकटक करू नका. भाऊजी आता बहुतेक वेळ झोपलेले असतात, पानाच्या सावलीत.