कडेला चिकटलेला पाक

मित्रांनो, बेकरीच्या ओट्यावर उपडा घालून ठेवलेला, अंगभर पोचे आलेला मी एक जुना पत्र्याचा कप आहे. कारागिराने मला घडवले तेव्हाच माझा कान तिरपा बसला, त्यामुळे दुकानात मला कोणी विचारीना. एका तरुण बेकरीवाल्याने मात्र मला हातात घेतले आणि तो हसून म्हणाला, "कान तिरपा असला म्हणून काय झालं, पोट तर मोठं आहे!" तेच माझे मालक.

माझ्या वाट्याला एकच काम आले, साखरेचा घट्ट तपकिरी पाक मोजायचे. मालक मला काठोकाठ भरत, पिठात उपडे करत आणि धार बारीक होताच झटकन सरळ करून खाली ठेवत. कडेला चिकटलेला पाक ते कधी खरवडत नसत. दिवसभर मी तसाच चिकट अंगाने बसून असे. मुंग्यांचा मी फार लाडका होतो. मालकांच्या पाकाच्या केकसाठी लोक दार उघडण्याआधीच येऊन उभे राहत, आणि मला वाटे, हे सगळे माझ्यासाठीच आले आहेत.

मालकांची मुलगी, सगळ्यांची ताई, गल्ला सांभाळत असे. पाक मात्र मालक कोणाला घालू देत नसत. एके सकाळी ते ओट्यापाशीच कोसळले. जीव वाचला, पण वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. भट्टी ताईच्या गळ्यात पडली. तिला एकच ध्यास लागला, बाबांना त्यांचा केक त्यांच्याच चवीचा करून एकदा खाऊ घालायचा.

तिने नवा वजनकाटा आणला. मला पाण्याने भरून तोलले आणि तेवढ्याच वजनाचा पाक पिठात घातला. इथेच घोडे पेंड खात होते. पाक पाण्यापेक्षा कितीतरी जड, त्यामुळे तो कमी पडला आणि केक कोरडा ठणठणीत झाला. मालकांनी एक घास खाल्ला आणि ताटली हळूच बाजूला सारली. ताईला चूक उमगली. पुढच्या खेपेला तिने मला पाकानेच भरून तोलले. या वेळी पाक जास्त झाला आणि केक मधोमध खचला, कारण एरवी माझ्या कडेला राहणारा पाकही तिने वजनात धरला होता.

तेव्हा मालकांनी डाव्या हाताने मला मागून घेतले. मला उपडे केले, झटकन सरळ केले, पुन्हा उपडे केले. मला सगळे कळत होते, पण पत्र्याला वाचा कुठली? ताई म्हणाली, "तहान लागली का बाबा?" तिने मला पाण्याने भरून त्यांच्या ओठांना लावले. मालकांनी तिच्याकडे पाहिले आणि ते पाणी मुकाट्याने पिऊन टाकले. त्याच आठवड्यात ते गेले.

नंतर बरेच दिवस भट्टी थंडच होती. मग एकदा ताईने मला पुन्हा पाकाने भरले. तेवढ्यात दाराशी कोणीतरी हाक मारली. घाईघाईत तिने मला पिठात उपडे केले, झटकन सरळ केले आणि जायला वळली. तिथेच तिचा पाय अडला. माझ्या आतल्या कडेवरून पाक हळूहळू खाली उतरत होता.

"बाबा हेच सांगत होते," ती म्हणाली, "आणि मी त्यांना पाणी पाजलं."

त्यानंतर तिने पिठाचे पातेलेच काट्यावर ठेवले आणि माझ्यातून जेवढा पाक पडला तेवढाच तोलला. केक अगदी मालकांच्या हातचा झाला. ताईने तो भट्टीपाशी उभ्याउभ्या खाल्ला. ती खात होती आणि रडत होती.

आता ते वजन तिला पाठ आहे आणि मला काही काम उरलेले नाही. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या हाताला चव असेल, तर तो हात चालतो आहे तोवर शेजारी जाऊन उभे राहा. आणि कोणी खुणेने काही सांगू लागले, तर लगेच पाणी पुढे करू नका. आणखी थोडा वेळ त्या हाताकडे पाहा.