मोडलेली गोळी

भुईमुगातलं तण काढायची भांगलण चालली होती. धोंडुबाईच्या दोघी सुना, थोरली विठाबाई आणि धाकटी बनाबाई, माझ्या शेजारच्या पातीला होत्या. बना खोकली, थुंकली आणि चटकन खुरप्याने त्यावर माती ओढली. पण मी पाहिलं होतं. थुंकी लाल होती. विठानेही पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला.

विठाला टीबी आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सात महिने ती तालुक्याच्या दवाखान्यातून दर महिन्याला गोळ्या आणत होती. तिचा खोकलाही थांबला होता. मग हे धाकटीला कधी लागलं? दोघींना बांधावर नेऊन मी खडसावलं, तेव्हा विठा बोलली.

"तीन म्हैनं झालं. माजी गोळी मोडून निम्मी हिला देतोय मी."

मला रागच आला. पण त्या घराची रीतच तशी. भाकरी असो नाहीतर चोळीचा खण, दोघी सुनांना सगळं निम्मं निम्मं. विठाने औषधही तसंच वाटलं, आणि वाटलं ते भीतीपोटी. तिचा रोग कळला त्या दिवशी धोंडुबाईने अंगणात उभं राहून सुनावलं होतं, दोन पोरांची आई म्हणून हिला ठेवून घेते, नवी असती तर माहेरी पोचवली असती. बनाच्या लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं, आणि माहेरी सावत्र आई.

"आनि तुजं काय? पुन्यांदा ताप येतोय न्हवं?" मी विठाला विचारलं. बांधावर आणताना तिचा हात मला कढत लागला होता.

"पंदरा दिस झालं. रोज सांजचा येतोय," ती म्हणाली.

एकीला वाचवायला जाऊन दोघी मरायला टेकल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना यष्टीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वाटभर बनाने माझा हात सोडला नाही.

विठाने सगळं खरं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. अर्ध्या गोळीने जंतू मरत नाहीत, मुरतात, एवढंच त्या म्हणाल्या. दोघींची थुंकी तपासली, दोघींत जंतू निघाले. आता दोघींना पहिल्यापासून औषध, दीड वर्ष, एकही दिवस न चुकवता. बरं वाटलं तरी सोडायचं नाही. विठाला या गोळ्या आता लागू पडतील की नाही, ते दोन महिन्यांनी कळणार होतं.

घरी धोंडुबाई उंबऱ्यातच बसली होती. विठाच्या हातात दोन पुड्या बघून दुसरी कुणाची म्हणून तिने विचारलं. विठा काही बोलायच्या आत बना पुढे झाली.

"माजी हाय, आत्ती. मलाबी त्योच रोग हाय."

धोंडुबाई उंबऱ्यातून उठून उभी राहिली. मग म्हणाली, "लुगडी बांद तुजी. आकारामला मी सांगीन." आकाराम म्हणजे बनाचा नवरा, कारखान्यावर कामाला होता.

बना आत गेली नाही. विठाकडून आपली पुडी घेऊन तिने तिथंच खाली बसून सोडली. घाईत गोळी जमिनीवर पडली. ती उचलून तिने पदराला पुसली. पाणी कुणी दिलं नाही. तिने अख्खी गोळी कोरडीच गिळली. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं, तरी तोंडावर हात दाबून धरला.

"आता सांगा, आत्ती," ती म्हणाली, "दीड वरीस रोज ही गिळायची हाय. कुटं जाऊ?"