ज्याचा फाऊल त्याचा हात

सीझनच्या सुरुवातीला कॉलेजची बास्केटबॉल टीम खेळायची कमी आणि भांडायची जास्त. शिट्टी वाजली की पाचही जण रेफरीच्या अंगावर. मी नाही, मी नाही, तुम्हाला दिसतं का, चष्मा लावा. रेफरीही माणूसच, तो काय गप्प बसणार? वर आणखी एका पॉईंटचा फ्री थ्रो द्यायचा समोरच्यांना. अशा हातातल्या मॅच घालवून टीम गटात पार तळाला गेली. आणि प्रिन्सिपॉलने सांगून ठेवलेलं, खालच्या गटात घसरलात तर टीम बंद.

तेव्हा कॅप्टनने नियम काढला. कॅप्टनला सगळे दादा म्हणायचे, कोचिंग करणारे सरसुद्धा. नियम सोपा होता. ज्याने फाऊल केला त्याने स्वतःच हात वर करायचा, रेफरीने बोट दाखवायच्या आधी. तोंड उघडायचं नाही.

सगळ्यात जास्त पोटात दुखलं ते लवंगीच्या. लवंगी म्हणजे दादाचा सख्खा धाकटा भाऊ. फर्स्ट इयरचा, टीममध्ये सगळ्यात बुटका, आणि डोकं कायम तापलेलं. तो म्हणाला, ही काय शाळा आहे का हात वर करायला? पण गंमत अशी झाली की नियम लागू पडला. भांडणं थांबली, डोकी थंड झाली, टीम जिंकायला लागली. रेफरी लोकांना तर इतकी सवय झाली, की गर्दीत नीट दिसलं नाही तर ते शिट्टी मारून या पोरांकडे बघत उभे राहायचे. कोणाचा हात वर जातो ते बघायचे, तोच नंबर स्कोअर लिहिणाऱ्या टेबलाला सांगायचे.

मध्ये एकदा लवंगीने फाऊल करून हात दाबून ठेवला. रेफरीने फाऊल भलत्याच्याच नावावर टाकला. दादाने ते बघितलं होतं. त्याने सगळ्यांसमोर लवंगीला माफी मागायला लावली आणि दोन मॅच बेंचवर बसवलं. घरी दोघं समोरासमोर बसून जेवायचे, पण बोलणं आईमार्फत. त्याला सांग मीठ सरकव. त्याला सांग स्वतः उठ. आई म्हणायची, मी काय पोस्टमन आहे का रे?

आता शेवटची मॅच. सुरुवातीला घालवलेल्या मॅच अजून भरून निघाल्या नव्हत्या. जिंकले तर वरच्या गटात राहणार, हरले तर टीमला कुलूप. दादाचं हे शेवटचं वर्ष, तो तसाही जाणार होता. लवंगीची तीन वर्षं बाकी होती आणि बास्केटबॉल सोडून त्याला दुसरं काही धड येतही नव्हतं. परीक्षेत तर आनंदीआनंदच.

वीसेक सेकंद उरलेले. एका पॉईंटने पुढे होते. दादाचे चार फाऊल झालेले, पाचवा झाला की बाहेर. लवंगीचे दोनच. समोरच्यांचा उंच गडी बॉल घेऊन बास्केटखाली घुसला, चौघं त्याच्यावर कोसळले. दादाचा कोपर त्याच्या मनगटावर खाडकन बसला. लवंगी हातभर अंतरावर होता, त्याने आवाजसुद्धा ऐकला.

शिट्टी.

रेफरी मागच्या बाजूला होता. फाऊल झाला हे त्याला कळलं, कोणाचा ते नाही. तो नेहमीसारखा थांबला आणि यांच्याकडे बघायला लागला.

कोणाचाच हात वर गेला नाही.

दादा कमरेवर हात ठेवून स्कोअरबोर्डकडे बघत होता, जणू तिथे काही नवीन लिहून आलं होतं. मग ओठ न हलवता पुटपुटला, "तू कर."

लवंगीला आधी वाटलं, चुकीचं ऐकलं.

"तुझे दोनच आहेत. कर ना."

हिशोबाने बरोबर होतं. लवंगीने हात वर केला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. दादा आत राहिला असता, टीम वाचली असती, लवंगीची तीन वर्षं वाचली असती. हे सगळं त्याला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. पण डोक्यात सणक गेली ती गेली. त्याने दादाचं मनगट धरलं आणि हात वर उचलला.

हात आधी लाकडासारखा ताठ होता. दादाने एकदा हिसका दिला. मग त्याने लवंगीकडे बघितलं आणि हात सैल सोडला. रेफरीने नंबर टेबलाला दाखवला. दादा खाली मान घालून बेंचकडे गेला. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, घरभेदी! सरांनी कपाळाला हात लावला.

समोरच्याने दोन्ही फ्री थ्रो घातले. आता एक पॉईंट मागे.

दादा नव्हता, त्यामुळे बॉल लवंगीनेच पुढे आणला. सगळा हॉल आपल्याकडेच बघतोय असं त्याला वाटत होतं, आणि ते खरंच होतं. आता हा बॉल आपणच घातला की सगळ्यांची तोंडं बंद, एवढंच डोक्यात. तो दोघांच्या मधून घुसला, उडाला, बॉल सोडला. बॉल रिंगवर नाचला. आत वाकून बघितल्यासारखा क्षणभर थांबला आणि बाहेरच्या बाजूला पडला.

संपलं.

सगळे कपडे बदलायच्या खोलीत आले. एकेक जण बॅग उचलून निघून गेला. मौनी नावाचा पोरगा, जो एरवीही चार शब्दांच्या पुढे जात नाही, तो जाताना लवंगीच्या खांद्याला नुसता हात लावून गेला. त्याने लवंगीला जास्तच लागलं.

शेवटी दोघं भाऊच उरले. दादा बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. लवंगी दाराशी उभा राहिला. शिव्यांची वाट बघत होता, आल्या असत्या तर बरं झालं असतं. येईनात, तेव्हा त्यानेच उकरून काढलं.

"मला दोन मॅच बसवलं होतंस."

"हो."

"मग आज?"

दादाने बूट काढून बाजूला ठेवला. "आज वाटलं, एकदा चालून जाईल." मग तो म्हणाला, "टीम गेली रे."

"माहितीये."

"मौनी कोपऱ्यात मोकळा होता. दोन्ही हात वर करून उभा होता. तो तिथून चुकत नाही." दादाने मान वर केली. "दिसला नाही का तुला?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. दोन माणसं अंगावर, वेळ संपत आलेला, कोणालाही पटलं असतं. दादाने तर उत्तर हातातच दिलं होतं.

"दिसला होता," लवंगी म्हणाला.

दादा परत नाड्यांकडे वाकला. चिडेल असं वाटलं, पण चिडला नाही. दुसऱ्या बुटाची गाठ त्याला सुटत नव्हती.

"मूर्खा," तो हळूच म्हणाला आणि पाय पुढे केला. "ही गाठ सोड आता."

लवंगी खाली बसला आणि नखाने गाठ उकलायला लागला.