डाव्या कोपऱ्यातला पुनाराम

बालाघाटच्या कचेरीत शालिकराम पुकारा कराचं काम करे. साहेबाच्या दारात उभं राह्याचं, कागदावरचं नाव वाचाचं अन् असा आवाज काढाचा का झाडाखाली बिडी ओढणारा पक्षकार, टपरीवरचा त्याचा साक्षीदार अन् खुर्चीत पेंगलेला वकील, तिघंही एकदम उभे झाले पाह्यजे. "अमुक वल्द अमुक, हाजिर हो!" वल्द म्हणजे लेक, नावासंगं बापाचंही नाव. एकदा गंमत म्हणून त्यानं एका मोठ्या वकिलाच्या म्हशीचं नाव पुकारलं. म्हैस दोर तोडून आवारात आली. साहेबाले हासू आलं म्हणून नोकरी वाचली.

असा माणूस. चिंचेवर पांढरं धोतर टांगून अर्ध्या मोहल्ल्याले भुताच्या नावानं पळवलेला. पण एका गोष्टीत तो मस्करी करत नसे. बास्केटबॉल.

मोहल्ल्याच्या मागं मुरमाचं मैदान होतं. सागाचे दोन खांब, लोहाराकडून वाकवून आणलेल्या दोन रिंगा. तिथं त्याले पुनाराम सापडला. खाणीत मँगनीजचे टोपले उचलणारा, एकोणीस वर्षाचा, हात गुडघ्यापर्यंत. डाव्या कोपऱ्यातून चेंडू फेके तर रिंगीले घासतही नसे. शालिकरामनं ते पाह्यलं अन् त्या दिवशी त्याले जेवणच गेलं नाही.

"असा माणूस पाच वर्ष चालते," तो बायकोले, दुर्गाबाईले म्हणे. "मंग गुडघे जाते, नाहीतर लग्न होते. टूर्नामेंटची शील्ड आणाची तर पाच वर्षातच."

"लग्नानं काय होते जी?"

"माह्याकडं पाह्य ना!"

मंग त्यानं पुनारामच्या भोवती टीम बांधली. चांगले खेळाडू नाही घेतले, पुनारामले लागणारे घेतले. हिरालाल घेतला, काहून का तो दुसऱ्याच्या हातातला चेंडू असा काढे जसा जत्रेत कोणी खिसा कापते. प्रेमलाल घेतला, काहून का तो रिंगीखाली उभा राह्यला म्हणजे बैलगाडी आडवी लावल्यासारखं होये. बाकी दोघं नुसते पळणारे. रोज संध्याकाळी एकच तालीम. डोळ्याले पट्टी बांधाची, अन् शालिकराम रेषेवरून ओरडे, "पुनाराम वल्द डोमाजी, हाजिर हो!" हाक संपाच्या आत चेंडू डाव्या कोपऱ्यात गेला पाह्यजे. पाहाचं नाही, विचार कराचा नाही. दोन वर्षात असं झालं का हिरालाल झोपेत डावीकडं उशी फेके.

दोनदा ते फायनलपर्यंत गेले, दोनदाही गोंदियावाल्याईनं हरवलं. गोंदियावाले काही कमी नव्हते. त्याईनं आपली वेगळी तालीम लावली होती. पुनारामचं नाव कानावर पडलं का दोघाईनं डावा कोपरा गाठाचा, हात पसरून आडवं व्हाचं.

पाचवं वर्ष लागलं. सेमीफायनलच्या दिवशी पुनारामले ताप होता. त्याची माय तुळसाबाई दारात उभी राह्यली.

"आज तो नाही येत, भाऊ. अंग पाहा त्याचं."

"वयनी, गरम हाय तेच तर बरं हाय! समोरचे हात लावतीन तर भाजतीन."

तुळसाबाईले हासू आलं. पुनारामही हासला, अन् बनियन घालून निघाला. तेवीस बास्केट मारले त्यानं. आठव्या दिवशी सरकारी दवाखान्यात मेला. मलेरिया डोक्यात चढला, डॉक्टर म्हणे, दोन दिवस आधी आणाले पाह्यजे होतं. त्या वर्षी टीम फायनलले उतरलीच नाही.

तुळसाबाईनं शालिकरामले एक वाकडा शब्द बोलला नाही. तेच त्याले खाये. पंधरा दिवसानं ती आली अन् दारातच उभी राह्यली.

"तुमची हाक माह्या चुलीपर्यंत येते, भाऊ. एका हाकेत माह्या दोनही गेलेल्या माणसाईचं नाव घेता तुमी, लेकाचंही अन् त्याच्या बापाचंही. मी हातातलं सोडून दाराकडं धावतो. आता नका मारू."

शालिकरामनं वैनगंगेची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी शिटी घेऊन आला.

पण शिटीनं काय होते? टीम बांधलीच होती एका माणसासाठी. त्याच्या जागी भैयालाल घेतला, बुटका, चपळ. तो उजवीकडं खेळे. डाव्या कोपऱ्यात पाय ठेवाले कोणीच तयार नव्हतं, अन् चेंडू मात्र तिकडंच जाये. हिरालालच्या हातून निघे, रेषेबाहेर बेशरमच्या झाडीत जाये. "मी नाही फेकला, काका," तो म्हणे. "गेला."

एका संध्याकाळी तसाच गेला, अन् कोणी आणाले जाच्या आधी झाडीतून परत आला. तीन टप्पे. प्रेमलालच्या पायाशी येऊन थांबला.

"कुत्रं असन," प्रेमलाल म्हणे.

"कुत्रं टप्पे मारते का बे?"

दोघाईनंही शालिकरामकडं पाह्यलं. "काका, तुमीच ना? तुमचेच धंदे हे."

शालिकराम त्याईच्या मधातच उभा होता, दोन्ही हात खिशात. भुताच्या नावानं जन्मभर लोकाईले पळवलं, आता कोणाले सांगाचं का या वेळेस मी नाही? तो हासला. पोट्टे हासले. पण त्या दिवशी तालीम लवकर संपली.

कचेरीतही तसंच. यादीत दुसराच कोणी पुनाराम निघाला, बिरसा गावाकडचा. शालिकरामच्या गळ्यातून नाव निघेच ना. तो स्वतः चालत झाडाखाली गेला अन् त्या माणसाच्या कानात बोलला, "चाला, साहेबानं बोलावलं." लोकं म्हणे, पुकाऱ्याचा गळा बसला.

अशा टीमनं पुढच्या वर्षी फायनल गाठली हे नवलच. पण प्रेमलाल अजून मोठा झालता, अन् भैयालाल पायात मांजरासारखा घुसे. फायनल बालाघाटलेच ठरली, त्याच मुरमाच्या मैदानावर. समोर गोंदिया. चार वाजताच भिंतीवर, झाडावर, सायकलीच्या कॅरियरवर माणसं. तुळसाबाईचं घर मैदानाले लागूनच. दार अर्धं उघडं होतं.

शेवटच्या मिनिटाले गोंदिया एकावन्न, बालाघाट पन्नास. चेंडू हिरालालजवळ, अन् हिरालाल अडकलेला. प्रेमलालले दोघं चिकटलेले. बाकीचे पळून पळून धापलेले. शालिकराम रेषेवर, शिटी दातात. हे वर्ष गेलं तर टीम गेली, त्याले माहीत होतं. प्रेमलालले नागपूरची नोकरी लागली होती, हिरालालचं लग्न ठरलं होतं. पुनारामच्या पाच वर्षातलं जे काही उरलं होतं ते हेच एक मिनिट.

त्यानं अर्ध्या उघड्या दाराकडं पाह्यलं. शिटी दातातून काढली.

पुढं तो लोकाईले सांगे का तोंडातून निसटलं. साफ खोटं. त्यानं हिशोबानं छाती भरली.

"पुनाराम वल्द डोमाजी, हाजिर हो!"

वर्षभर बंद असलेली हाक कचेरीच्या पलीकडं गेली असन. प्रेमलालले चिकटलेले दोघंही गोंदियावाले वळले. पुनाराम मेला हे त्याईले माहीत होतं, मयतीले आलते ते. पण पायाले कुठं माहीत? दोघंही डाव्या कोपऱ्यात धावले, हात पसरून आडवे झाले. हिरालालचे हातही तिकडंच निघाले, पण या वेळेस त्यानं दात खाऊन ते वळवले. चेंडू मोकळ्या प्रेमलालकडं. प्रेमलालनं वर टाकला.

बावन्न-एकावन्न. पंचाची शिटी झाली.

मैदानात माणसं घुसले. शालिकरामले खांद्यावर घेतलं, टोपी उडाली, कोणी ढोल काढला. अन् मंग ढोल थांबला.

तुळसाबाई मैदानात आलती. हाताले कणीक. लोकं बाजूले झाले, ती सरळ शालिकरामपर्यंत आली.

शालिकराम खांद्यावरून उतरला. जन्मभर त्याले कोणत्याही वक्ताले मस्करी सुचे. आता नाही सुचली. "वयनी, शपथ मोडली मी."

"मोडली," ती म्हणे. "पण हाकेले मी नाही आली, भाऊ. हाक ऐकून दारात उभी राह्यली, अन् मनाले सांगितलं, खोटी हाय, शालिकरामची हाय. जा मागं, पोळी टाक." तिनं डाव्या कोपऱ्याकडं बोट केलं. "पण ते दोघं कोणाले अडवून राह्यलते?"

त्यातला एक गोंदियावाला परत आलता. दुसरा अजून तिथंच होता, हात अर्धे पसरलेले. साधना मिलच्या गाडीवर हमाली करणारा महागू नावाचा उंच पोट्टा. तुळसाबाई त्याच्याजवळ गेली.

"कोणाले अडवत होता रे बाबा?"

महागूनं हात खाली केले. "पुनारामभाऊले."

"कसा होता?"

महागूनं एकदा कोपऱ्याकडं पाह्यलं.

"बरा होता, माय. धापत नव्हता."

तुळसाबाईनं मान हालवली. कणकीचे हात पदराले पुसले अन् आल्या वाटेनं घरी गेली. दार लावलं नाही तिनं.

शील्ड टेबलावर तशीच. साहेबलोक भाषणाले थांबले होते. शालिकरामनं महागूले खांबामागं ओढलं.

"चांगलं केलं रे बाबू. आईच्या मनासाठी खोटं बोललास, तुले पुण्य लागन."

"खोटं नाही बोललो, काका."

शालिकरामनं त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. वीस वर्ष कचेरीच्या दारात उभं राहून खोटं बोलणारे तोंडं त्यानं रोज पाह्यले होते. डोळा कसा फिरते, ओठ कुठं सुकते, सगळं पाठ. महागूच्या तोंडावर त्यातलं काहीच नव्हतं.

"मस्करी नको करू बे," तो म्हणे.

"तुमीच बोलावलं ना," महागू म्हणे.

शालिकरामले शील्ड घ्याले बोलावून राह्यले होते. तो निघाला, पण कोपऱ्याकडं पाठ केली नाही त्यानं. तोंड तिकडंच ठेवून, एकएक पाय मागं टाकत, तो टेबलापर्यंत गेला. लोकाईले वाटलं काका नवीन नक्कल करून राह्यले, अन् मैदान पोट धरून हासलं.