एकाच पोटची

उदाराम मास्तरांची पेटी दारात तयार होती. आत कापराच्या वड्या आणि टाचणीनं टोचलेले पतंग. नागपूरच्या गाडीसाठी टांगा येऊन थांबला होता.

कचारगडच्या जंगलात सापडलेली ही तांबूस, आकडीदार पंखांची जात नवीन आहे, असं मास्तरांनी ठरवलं होतं. तिथल्याच, आधीपासून माहीत असलेल्या राखी, गोल पंखांच्या पतंगाशी तिचं काहीच जुळत नव्हतं. फक्त तिचा नर अजून सापडला नव्हता. नागपूरच्या प्राध्यापकांनी मान्य केल्यावर जातीला नाव मिळणार होतं अनुसयाबाईंचं, मास्तरांच्या वारलेल्या बायकोचं. सगळ्या शाळेला हे ठाऊक होतं.

त्यांची लेक शामकला आतल्या खोलीत मडक्यापुढे बसली होती. तांबूस मादीची अंडी मास्तरांनी तिच्याकडे दिली होती. पाठीची कमान करून चालणाऱ्या त्या अळ्या तिनं बोरीच्या पाल्यावर पोसल्या, कोष होऊ दिले. आज मडक्यावरची मलमल उचलली, तर आत तांबूस पतंग होते आणि राखीही होते. राखी तेवढे चिरडले असते, तर कोणाला कळलं नसतं. तिचा अंगठा कापडावर दाबला गेला होता.

बाहेरून मास्तरांनी हाक मारली. ती मडकं घेऊनच गेली.

"बाबूजी, राखीबी निघाली यातून."

मास्तर थबकले. "पाल्यासंगं बाहेरची अळी आली असंन."

तिनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"नाही. पाला मी धुऊनच टाकत होती. आन् एक नाही, अर्धी राखी हायेत."

मास्तरांनी भिंग काढलं. राखींच्या मिशा पिसासारख्या, सगळे नर. तांबूस साऱ्या माद्या. जात एकच होती, आणि ती जुनीच होती. टांगेवाला घाई करू लागला, तरी ते वाकलेलेच राहिले.

"तुले आईचं नाव नको होतं काय?"

"मले पाह्यजे होतं," ती म्हणाली.

मास्तर मडकं मांडीवर घेऊन टांग्यात बसले. नागपूरला त्यांनी जे खरं ते सांगितलं, परतल्यावर शाळेतही सांगितलं. घरी मात्र बरेच दिवस ते लेकीशी कामापुरतंच बोलले. तिनंही त्यांना छेडलं नाही. दिवाळीच्या तोंडावर, जेवताना, त्यांनी आपणहून अनुसयाबाईंचा विषय काढला. दिव्यावर पतंग आला की ती कशी पदर डोक्यावर घेऊन पळायची, ते सांगता सांगता त्यांना हसू आलं. शामकलाही हसली, आणि तिनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.