पेवात सोडलेला कंदील

माघातले शेवटचे ऊन कृष्णाकाठी उतरले होते. पीतवसन, पीतचरण, पीतगंधी. अंगणभर शिजवलेली हळद वाळत पडली होती. भिंती पिवळ्या, उंबरा पिवळा, कुत्र्याचे पंजेसुद्धा पिवळे. एवढे मंगल अंगण पंचक्रोशीत नव्हते. नुसते लग्न तेवढे नव्हते. म्हणजे होते, आणि तीच तर अडचण होती.

अंगणाच्या कडेला पेव होते. जमिनीच्या पोटात खोल खणलेली, अंधारगर्भ, मिटल्या ओठांची हळदीची कोठी. बरेच दिवस मिटलेल्या तोंडात हवा विषारी होते. म्हणून पेव उघडले की गडी आधी दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडतात. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर माणूस वरच थांबतो, बिडी पेटवतो. कंदिलाला कसे वाटले, हे विचारायची पद्धत नाही.

मृणाल या घरातला कंदील होती.

सांज कलायची, पप्पांची मोटारसायकल फाटकात खोकायची, आणि घरातले भांडेन् भांडे श्वास रोखायचे. मग मम्मी चहाचा कप तिच्या हातात द्यायची. म्हणायची, "तू ने. तुझ्यावर ते चिडत नाहीत." आणि स्वतः दाराआड उभी राहायची, पदराचे टोक मुठीत धरून, कान लावून. कप टेबलावर हलकेच टेकला तर मम्मी ताट घेऊन आत जायची. एकदा कप टेकला नाही. उडत परत आला. मृणालच्या मनगटावर चंद्रकोरीएवढा डाग उरला. मम्मीने त्यावर हळद दाबली. घरचीच होती, तोटा नव्हता.

धाकटा सन्मती पंधराचा होता, म्हणजे सर्वज्ञ होता. पाण्याच्या टाकीवर पाय सोडून बसून दोघे बहीणभाऊ निवाडा करायचे. कोवळ्या ओठांचे, कठोर जिभांचे ते न्यायालय रोज भरायचे.

"आज कुणाची चूक, तायडे?"

"मम्मीची. आमटी गार होती."

"आणि काल?"

"कालही मम्मीची. आमटी गरम होती."

सन्मती हसायचा. मग म्हणायचा, "पप्पा म्हणजे हवामान गं. गारपिटीवर कोण रुसतं? छप्पर गळलं की छपरालाच शिव्या."

दोघांनाही हे फार पटलेले होते. गारपिटीला बोलायची सोय नसते, ती पुन्हा पडते. छप्पर मात्र शिव्या खाऊन जागच्या जागी राहते, आणि रात्री भाकरीवर लोण्याचा गोळाही ठेवते.

त्या दिवशी सकाळीच मामा जीप घेऊन आला. आदल्या संध्याकाळी जेवणाचे ताट भिंतीवर आदळले होते, आणि मम्मीच्या मानेवर रश्शाचा लाल, फोडांचा हार उमटला होता. ही बातमी मामाला कुणी दिली, ते समजले नाही. अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. हळदीच्या त्या सुवर्णसागराकाठी सभा भरली.

पप्पा रुमाल डोळ्यांना लावून बसले होते. त्यांना रडणे शोभायचे. मोठ्या माणसाचे रडणे तसे शोभतेच. मम्मी ताठ बसली होती. कोरडी, निश्चल, पाषाणपापणी.

"दाजी, तुमचं ऐकलं. पद्मा, तुझंही ऐकलं," मामा म्हणाला. "आता पोरं सांगतील ते खरं. चूक दाजींची असंल, तर तिघांनाबी आत्ता जीपमध्ये घालतो. चूक हिची असंल, तर हिनं गुमान नांदावं. मृणाल, तू थोरली. बोल की गं."

ऊन थांबले. हळदीवरून फिरणारे गड्याचे दाताळे थांबले.

मृणालने पप्पांकडे पाहिले. त्यांची चूक म्हणावे, तर हा भिजला रुमाल जन्मभर आपल्यामागे फिरेल. तिने मम्मीकडे पाहिले. मम्मीची नजर तिच्या मनगटावर होती, जणू तो डागच आता साक्षीला उभा राहणार. आणि मृणालला कप आठवला नाही, भिंत आठवली नाही. आठवले फक्त दार. दाराआडचा पदर. कान लावलेली ती सावली.

दोष पाण्यासारखा असतो. उतार दिसेल तिकडे जातो.

"मम्मीची," ती म्हणाली.

सन्मतीने मान डोलावली. पप्पांनी रुमालाची व्यवस्थित घडी केली.

आता मम्मी उठेल, चहा टाकेल, संध्याकाळी भाकरी थापेल, असे मृणालला वाटले. छपराबद्दल माणसाला असेच वाटते. मम्मी उठली खरी. आत गेली, पायांत चपला घालून बाहेर आली.

"पद्मा, अगं, पोरगी काय म्हणाली ऐकलंस ना?" मामा गडबडला.

"ऐकलं. चूक माझी आहे ना, दादा? मग ती मी बरोबर घेऊन जाते. यांच्या घरात कशाला मागे ठेवू."

तिने मृणालच्या गालावरून हात फिरवला. हात गरम नव्हता, गारही नव्हता. मग हळदीतूनच, वळसा न घेता, ती चालत गेली. जीपने धूळ उडवली. सुवर्णसागरात एक पायवाट उरली, फाटकाकडे जाणारी, परतीची पावले नसलेली. गड्याने दाताळे उचलले आणि तीही सारखी केली.

घर आता निर्दोष होते. पूर्ण निर्दोष. चूल निर्दोष, थंड. परात निर्दोष, कोरडी.

सांज कलली. फाटकात मोटारसायकल खोकली. चपला वाजल्या, खोलीचे दार आपटले, आतून आवाज आला, "चहा."

मृणालने आधण ठेवले. साखर घातली, पुन्हा थोडी घातली. कप भरला, बशीत ठेवला. मग ती बशी तिने सन्मतीच्या हातात दिली.

"मी का?" सर्वज्ञाने विचारले.

"तू ने," ती म्हणाली. "तुझ्यावर ते चिडत नाहीत."

तो निघाला. कपावरची वाफ त्याच्या हनुवटीशी थरथरत, तेवत तेवत पुढे गेली. दार उघडले, अंधाराने त्याला अलगद आत घेतले. आणि दाराआड, ओढणीचे टोक मुठीत धरून, कान लावून, श्वास रोखून मृणाल उभी राहिली. पिवळी, पिवळी, पेवाच्या काठावर.